ईटीपीच्या टाकीत माणूस उतरवण्यापूर्वी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. एमआयडीसीतील एका लहान रसायन कारखान्यात तुम्ही केमिस्ट आहात आणि सुरक्षिततेचे काम तुमच्याकडे जोडीने आले आहे. सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पातली, म्हणजे ईटीपीतली, इक्वलायझेशन टाकी (वेगवेगळे सांडपाणी एकत्र साठवून एकसारखे करणारी टाकी) तीन वर्षांत उपसलेली नाही आणि पावसाळ्यापूर्वी ती साफ करायची आहे. कंत्राटदार म्हणतो की त्याची माणसे अशा टाक्यांत नेहमी उतरतात आणि आजवर काही झालेले नाही. मालकांनी मास्क घ्यायला मंजुरी दिली आहे, तेव्हा कोणत्या फिल्टरचा मास्क घ्यावा, हे तुम्ही विचारले आहे.

मास्कपुरते उत्तर एका शब्दात देता येते: कोणताही नाही. फिल्टरचा मास्क आजूबाजूची हवा गाळतो, ती तयार करत नाही. टाकीत प्राणवायूच कमी असेल तर उत्तमातला उत्तम फिल्टरसुद्धा गाळून गाळून तीच निकामी हवा माणसाच्या छातीत सोडणार. शिवाय प्रत्येक फिल्टरची एक क्षमता असते आणि आत वायूचे प्रमाण किती वाढेल हे आधी सांगता येत नसल्यामुळे ती क्षमता कधी संपेल हेही सांगता येत नाही. म्हणून मी तुमचा प्रश्न थोडा बदलून घेतो. या टाकीत माणूस उतरण्याची खरोखर गरज आहे का, आणि असलीच तर तो आत कोसळल्यावर दुसऱ्या माणसाला आत न पाठवता त्याला बाहेर कसे काढणार? या दोन गोष्टींची उत्तरे कागदावर लिहून होईपर्यंत झाकण उघडू नका, एवढे माझे पहिले सांगणे आहे.

माझी बहुतेक नोकरी रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांतल्या रसायन कारखान्यांत झाली. टाकीच्या कामात मला सर्वाधिक भीती वाटते ती 'आजवर काही झालेले नाही' या वाक्याची. ते वाक्य बहुधा खरे असते. मात्र ते खरे का ठरले, हे सांगणाऱ्याला माहीत नसते. मागच्या वेळी टाकी सहा महिन्यांत उपसली असेल, गाळ वीतभरच असेल, त्या दिवशी वारा असेल, उत्पादन वेगळे असेल. यंदा तीन वर्षांचा गाळ आहे.

त्या गाळात काय घडते, ते आधी पाहू. तुमच्या प्रक्रियेत सल्फ्युरिक आम्ल वापरले जात असेल, किंवा सांडपाणी उदासीन करायला तुम्ही ते टाकत असाल, तर पाण्यात सल्फेट असणारच. टाकीच्या तळाशी जिथे हवा पोहोचत नाही, तिथे काही जिवाणू या सल्फेटपासून सल्फाइड बनवतात आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. सेंद्रिय पदार्थ कुजून मिथेन आणि कार्बन डायऑक्साइडही तयार होतात. यातला बराचसा वायू पाण्यावर तरंगत नसतो. तो गाळात बुडबुड्यांच्या रूपाने आणि पाण्यात विरघळून अडकलेला असतो. वरून टाकी शांत दिसते. फावडे घातले, गाळ ढवळला की तो एकदम सुटतो. म्हणून सकाळी मॅनहोलशी मीटर धरून घेतलेला 'शून्य' हा न ढवळलेल्या टाकीचा आकडा असतो. काम सुरू झाल्यावर टाकीत काय असेल, याबद्दल तो काहीच सांगत नाही.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी, मी पाळीवर असताना, एका कारखान्यात अशाच टाकीचे काम चालू होते. वरून तपासणी झाली होती, मीटरवर हायड्रोजन सल्फाइड शून्य दिसले होते, परवाना लिहून टांगला होता. आत उतरलेल्या माणसाने दोन बादल्या भरून दिल्या. तिसरी बादली भरताना तो हळूच गाळात बसला, जणू दमून बसावा तसा. ओरडला नाही, खोकला नाही. वरच्या मदतनिसाने त्याला दोनदा हाक मारली आणि शिडीवर पाय ठेवला. शेजारी उभ्या असलेल्या फिटरने त्या मदतनिसाची कॉलर धरून त्याला मागे ओढले नसते, तर त्या दिवशी दोघे गेले असते. आतल्याच्या कमरेला पट्टा आणि दोर होता म्हणून त्याला ओढता आले. पण पट्टा कमरेचा असल्यामुळे शरीर मधोमध दुमडले आणि मॅनहोलच्या कडेला अडकले. ती दीड-दोन मिनिटे मला अजून आठवतात. तो वाचला. त्या दिवसापासून टाकीच्या कामाला कमरेचा पट्टा मी चालू दिलेला नाही.

हायड्रोजन सल्फाइडबद्दल एक गैरसमज मात्र मुळातून काढायला हवा. 'कुजक्या अंड्यासारखा वास आला की बाहेर येऊ' असे माणसे म्हणतात. हा वास हवेत एक पीपीएमहून (पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक भाग) कितीतरी कमी प्रमाण असतानाही येतो, हे खरे. पण प्रमाण १०० पीपीएमच्या आसपास गेले की काही मिनिटांत नाकाची संवेदनाच बधिर होते आणि वास येणे थांबते. आत असलेल्याला वाटते, वायू गेला. प्रत्यक्षात तो वाढलेला असतो. ५०० ते ७०० पीपीएमला माणूस काही मिनिटांत कोसळतो आणि हजारच्या आसपास एक-दोन श्वासांतच. पेशींना प्राणवायू वापरता येईनासा होतो आणि मेंदूचे श्वसनावरचे नियंत्रण सुटते, त्यामुळे सावध होऊन शिडी चढण्याइतका वेळ मिळतच नाही. आपल्याकडे आठ तासांच्या कामासाठी या वायूची मर्यादा १० पीपीएम आहे, यावरून त्याची तीव्रता लक्षात यावी.

तुमच्या ईटीपीत हा वायू रोज थोडा थोडा निघतो का, हे पाहायला एक साधी खूण आहे. तिथल्या ऑपरेटरच्या बोटातली चांदीची अंगठी पाहा, कंत्राटी बाई कामाला असतील तर त्यांची जोडवी पाहा, आणि ईटीपीच्या विजेच्या पॅनेलमधले तांब्याचे जोड उघडून पाहा. ते लवकर काळे पडत असतील तर सल्फाइड आहे. ही खूण गॅस मीटरची जागा घेऊ शकत नाही, पण मालकांना तुमच्या म्हणण्याचा पुरावा म्हणून ती काळी अंगठी पुष्कळ बोलते.

आता माणूस न उतरवता काम कसे करायचे ते सांगतो, कारण माझ्या अनुभवात दहापैकी सात-आठ टाक्या आत न उतरता साफ होतात. पाणी शक्य तितके पंपाने पुढच्या टाकीत घ्या. राहिलेला गाळ वरूनच उच्च दाबाच्या पाण्याने सैल करा आणि सक्शन टँकरने किंवा गाळाच्या सबमर्सिबल पंपाने उपसा. पाइपला लांब दांडा जोडला की कोपरेही मिळतात. दोन फेऱ्या जास्त लागतील, पाणी जास्त लागेल, कंत्राटदार कुरकुर करेल. ते सगळे परवडते. फक्त हे लक्षात असू द्या की सक्शन टँकरचा व्हॅक्यूम पंप गाळाबरोबर ओढलेला वायू आपल्या तोंडातून बाहेर सोडत असतो. टँकर वाऱ्याच्या खालच्या बाजूला उभा करा, त्या तोंडाला नळी जोडून ती माणसांपासून दूर न्या आणि टँकरच्या चालकाच्या खिशालाही एक मीटर लावा. आत कोणी नाही म्हणून बाहेरचे सुरक्षित, असे होत नाही.

तुम्ही केमिस्ट आहात म्हणून पीएचचा मुद्दाही सांगतो. पीएच ७ च्या सुमारास विरघळलेल्या सल्फाइडचा साधारण निम्मा भाग वायुरूपाने सुटू शकेल अशा अवस्थेत असतो. पीएच ९ च्या वर गेला की तो भाग फार थोडा उरतो. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी चुन्याने पीएच वर नेणे उपयोगी पडते, आणि सफाई चालू असताना टाकीत आम्ल किंवा आम्लयुक्त सांडपाणी येणे जीवघेणे ठरते. पण इथे परिस्थितीचा विचार हवाच. तुमच्या सांडपाण्यात अमोनियाकल नायट्रोजन, म्हणजे अमोनियाच्या रूपातला नायट्रोजन, बरेच असेल, तर पीएच वाढवल्यावर अमोनिया सुटेल. त्यामुळे आधी बादलीभर गाळावर प्रयोगशाळेच्या फ्यूम हूडमध्ये (वायू बाहेर खेचून घेणाऱ्या कपाटात) करून पाहा, मग टाकीत करा.

हे सगळे करूनही आत उतरावेच लागले, समजा डिफ्यूझर (तळाशी हवेचे बुडबुडे सोडणारे भाग) बदलायचे आहेत किंवा तळाचे अस्तर फुटले आहे, तर मग पुढची तयारी आहे. यातली एकही गोष्ट वगळून चालत नाही.

पहिले काम टाकी बाकीच्या कारखान्यापासून तोडण्याचे. येणाऱ्या प्रत्येक लाइनवर नुसता व्हॉल्व्ह बंद करणे म्हणजे तोडणे नव्हे, कारण व्हॉल्व्ह गळतात आणि माणसे ते चुकून उघडतात. फ्लँज, म्हणजे पाइपचा बोल्टचा जोड, सोडून त्यात ब्लाइंड, म्हणजे पाइप पूर्ण बंद करणारी चकती, घाला, ढवळणीच्या मोटरचा पुरवठा काढून स्विचला कुलूप लावा आणि किल्ली आत उतरणाऱ्याच्या खिशात द्या. टाकीला ओव्हरफ्लोची किंवा पावसाच्या पाण्याची लाइन जोडलेली असते, तीही शोधा. नकाशात ती बहुधा नसते. टाकीभोवती चालून पाहावे लागते.

दुसरे काम हवा बदलण्याचे. मॅनहोलवर पंखा ठेवून दिला की झाले, असे समजले जाते, पण तो वरचीच हवा फिरवतो. ब्लोअरचा डक्ट तळापासून हात-दीड हातावर सोडा आणि दुसरे मॅनहोल उघडे ठेवा. तुमची टाकी ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि ३ मीटर खोल धरली तर आकारमान ३६ घनमीटर होते. तासाला १,००० घनमीटर हवा देणारा ब्लोअर लावल्यास टाकीभर हवा साधारण दोन मिनिटांत आत ढकलली जाते. मात्र टाकीभर हवा ढकलली म्हणजे टाकीभर वायू गेला असा हिशेब नाही. नवी हवा जुन्या हवेत मिसळत मिसळत बाहेर जाते, त्यामुळे मिसळण आदर्श धरली तरी एका फेरीनंतर मूळ वायूचा ३७ टक्के भाग आतच असतो, पाच फेऱ्यांनंतर एक टक्क्याच्या आत येतो. कोपरे असलेल्या टाकीत याहून जास्त वेळ लागतो. म्हणून मी किमान अर्धा तास ब्लोअर चालवतो आणि माणूस आत असेपर्यंत तो थांबवत नाही, कारण गाळ नवा वायू सोडतच असतो. ब्लोअर हवा कुठून ओढतो तेही पाहा. डिझेल जनरेटरच्या किंवा टँकरच्या धुराजवळ तो ठेवल्यामुळे टाकीत कार्बन मोनॉक्साइड भरला गेल्याचे मी पाहिले आहे. आणि 'प्राणवायू कमी आहे ना' म्हणून वेल्डिंगचा ऑक्सिजन सिलिंडर टाकीत सोडण्याचा विचार कोणी केला तर त्याला तिथेच थांबवा. त्या हवेत कपडे आणि केस ठिणगीने भडकतात.

तिसरे काम तपासणीचे. आपल्याकडे विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून पाहायची जुनी रीत आहे आणि ती पद्धत टाकीलाही वापरणारे लोक मला भेटले आहेत. प्राणवायू १६ टक्क्यांच्या आसपास उतरला की ज्योत विझते, एवढेच त्यातून कळते. माणसाला मारण्याइतक्या हायड्रोजन सल्फाइडमध्ये ज्योत शांतपणे जळत राहते, आणि मिथेन हवेत ५ ते १५ टक्के असेल तर तीच ज्योत स्फोट घडवते. प्राणवायू, ज्वलनशील वायू, हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन मोनॉक्साइड असा चार वायूंचा मीटर घ्या. विकत नसेल तर भाड्याने घ्या. त्या दिवशी ओळखीच्या प्रमाणाचा वायू देऊन तो प्रतिसाद देतो का, हे आधी पाहा. पहिल्यांदा प्राणवायू वाचा, मग ज्वलनशील वायू, मग विषारी. कारण ज्वलनशील वायूच्या नेहमीच्या सेन्सरला चालायलाच प्राणवायू लागतो. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा थोडा जड आहे आणि मिथेन हलका, म्हणून नळी सोडून वर, मध्ये आणि तळाशी, तिन्ही ठिकाणी वाचन घ्या आणि नळीतून हवा वर येईपर्यंत थांबा. प्राणवायू १९.५ टक्क्यांच्या खाली किंवा २३.५ टक्क्यांच्या वर असेल, तर उतरायचे नाही. यानंतर गाळ बांबूने ढवळून पुन्हा वाचन घ्या. हे पाऊल कुठल्याही छापील फॉर्ममध्ये मला आढळले नाही, पण मी ते कधीच टाळत नाही. उतरणाऱ्याच्या छातीला, तोंडाच्या जवळ, चालू मीटर असलाच पाहिजे.

चौथी गोष्ट म्हणजे बाहेरचा माणूस. माझ्या मते संपूर्ण कामातली सर्वांत महत्त्वाची जबाबदारी त्याची आहे आणि आपण ती नेहमी सर्वांत नव्या पोराकडे देतो. तो मॅनहोल सोडून हलणार नाही, चहाला जाणार नाही, फोनवर बोलणार नाही, आणि काहीही झाले तरी आत उतरणार नाही, हे त्याला सगळ्यांसमोर सांगा आणि त्याच्याकडून म्हणवून घ्या. अमेरिकेतील नायॉश या कामगार-सुरक्षा संशोधन संस्थेने १९८६ मध्येच दाखवून दिले होते की बंदिस्त जागांतील मृत्यूंपैकी ६० टक्क्यांहून अधिक मृत्यू वाचवायला गेलेल्यांचे असतात. आपल्यासाठी ते फार लांबचे नाही. एप्रिल २०२४ मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या नेवासा तालुक्यात, वाकडी गावी, बायोगॅसच्या शेणकाल्यासाठी वापरात असलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडले. त्याला काढण्याच्या प्रयत्नात एकामागून एक माणसे उतरली आणि पाच जणांचा जीव गेला. कमरेला दोर बांधून उतरलेला एक जण तेवढा बाहेर काढता आला. पाचही जण आपल्या माणसासाठी धावले होते. धावण्याची ही ओढ भाषणाने थांबत नाही; तिला करायला दुसरे काहीतरी हातात द्यावे लागते.

ते म्हणजे मॅनहोलवर उभा केलेला ट्रायपॉड (तिवई), त्याला विंच (दोर गुंडाळणारे हँडलचे यंत्र), आणि विंचचा दोर आतल्याच्या हार्नेसला (खांदे, छाती आणि मांड्यांभोवतीच्या पट्ट्यांना) पाठीवर, खांद्यांच्या मधोमध अडकवलेला. अशा अवस्थेत माणूस सरळ उभा वर येतो आणि एकटा मनुष्य हँडल फिरवून त्याला काढू शकतो. कामाच्या आदल्या दिवशी एका सहकाऱ्याला हार्नेस घालून, रिकाम्या आणि सुरक्षित जागी, वर ओढून पाहा. मॅनहोल लहान असेल तर हे तेव्हाच कळेल. बीए सेट, म्हणजे पाठीवरच्या सिलिंडरचे श्वसन उपकरण, मॅनहोलपाशी तयार असावा आणि तो वापरायला शिकलेली माणसे हजर असावीत. पण तो दाढी असलेल्या चेहऱ्यावर नीट बसत नाही आणि अरुंद मॅनहोलमधून पाठीवर घेऊन उतरता येत नाही, हेही आधी तपासा. एमआयडीसीच्या अग्निशमन केंद्राला काम सुरू होण्यापूर्वी कळवा आणि पोहोचायला किती वेळ लागेल ते विचारा. ते १५ मिनिटे म्हणाले, तर सुटकेची सर्व व्यवस्था तुमच्याच हातात असली पाहिजे, कारण मेंदू इतका वेळ थांबत नाही.

मालकांशी बोलताना कायद्याचा आधार लागेल. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३६ ने हे फार पूर्वीच स्पष्ट केले आहे: धोकादायक वायू असण्याची शक्यता असलेल्या टाकीत, वायू काढून टाकण्याचे सर्व शक्य उपाय झाल्याशिवाय कोणालाही उतरवता येत नाही, आणि त्यानंतरही एकतर सक्षम व्यक्तीने स्वतः चाचणी करून लेखी प्रमाणपत्र दिलेले असावे, किंवा उतरणाऱ्याने योग्य श्वसन उपकरण आणि पट्टा घातलेला असावा व त्याच्या दोराचे दुसरे टोक बाहेरच्या माणसाच्या हातात असावे. मी हे 'किंवा' मानत नाही, दोन्ही करतो. कलम ३६अ नुसार आत नेण्याचा दिवा २४ व्होल्टपेक्षा जास्त नको, आणि ज्वलनशील वायूची शक्यता असेल तर ज्वालारोधकच हवा. आता जुन्या कामगार कायद्यांच्या जागी श्रम संहिता आल्याने कायद्याची चौकट बदलली आहे, तरी या कामाची किमान पातळी याखाली नेण्याचे काहीच कारण नाही. कामगार कंत्राटदाराचा असला म्हणून कारखान्याच्या भोगवटादाराची, म्हणजे कारखान्याचा ताबा असणाऱ्याची, जबाबदारी संपत नाही. आणि ईटीपीबरोबर शौचालयाची सेप्टिक टाकीही उपसून घ्यायचा बेत असेल, तर तो इथेच सोडा: संरक्षक साधनांशिवाय त्यात माणूस उतरवणे २०१३ च्या हाताने मैला साफ करण्याच्या प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, आणि ते काम यंत्रानेच करायचे असते.

गाळाचे पुढे काय, याचा उल्लेख तुमच्या प्रश्नात नाही, पण तो इथेच यायला हवा. सांडपाणी प्रक्रियेतील रासायनिक गाळ २०१६ च्या घातक कचरा नियमांत अनुसूची १ मध्ये, ३५.३ या क्रमांकावर आहे. 'रात्रीत उचलून टाकतो' म्हणणाऱ्या टँकरवाल्याला तो देऊ नका. तो कुठल्यातरी नाल्यात जातो आणि तिथे दुसऱ्याचे आम्ल त्यात मिसळले की हाच वायू वस्तीत सुटतो. जानेवारी २०२२ मध्ये सुरतजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीत नाल्यात टँकरमधून रसायन सोडले जात असताना विषारी वायूने सहा कामगार दगावले होते. गाळ निथळवा, फिल्टर प्रेसमधून काढा, पिशव्यांवर लेबल लावा, आणि मॅनिफेस्टसह, म्हणजे वाहतुकीच्या नोंदपत्रासह, तळोजा किंवा रांजणगावसारख्या अधिकृत विल्हेवाट केंद्राकडे पाठवा. साठवणुकीची नेहमीची मुदत ९० दिवसांची आहे, म्हणून सफाईची तारीख आणि वाहतुकीची तारीख एकत्र ठरवा.

पुढच्या वर्षी हा प्रसंग येऊच नये यासाठी टाकीत हवा सोडण्याची सोय सतत चालू ठेवा. इक्वलायझेशन टाकीतला ब्लोअर वीज वाचवायला रात्री बंद ठेवण्याची पद्धत मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. गाळ नेमका त्याच तासांत बसतो आणि कुजतो. दर तिमाहीस गाळाची जाडी काठीने मोजून लॉगबुकात लिहा आणि ती वीतभर झाली की पंपाने काढा.

तुम्हाला निश्चित उत्तर देण्यासाठी मला चार गोष्टी हव्या आहेत: टाकीची मापे आणि मॅनहोलचा आकार, सांडपाण्यातील सल्फेट व अमोनियाकल नायट्रोजनचे ताजे अहवाल, आत येणाऱ्या सगळ्या लाइनचा हाताने काढलेला नकाशा, आणि कंत्राटदाराकडे ट्रायपॉड व विंच आहे की नाही. हे कळवलेत तर तुमच्या टाकीपुरता वर्क परमिटचा, म्हणजे कामाच्या लेखी परवान्याचा, मसुदा मी लिहून देतो. तोपर्यंत मॅनहोलच्या झाकणाला कुलूप घाला आणि किल्ली स्वतःजवळ ठेवा.